पहिल्या दहा लढती: नवा व्यावसायिक बॉक्सर कसा घडवला जातो?

२५ जानेवारी २०२५ रोजी लास वेगासमध्ये कर्नालचा निशांत देव व्यावसायिक बॉक्सर म्हणून पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला आणि त्याने पहिल्याच फेरीत ऑल्टन विगिन्सला हरवलं. सहाच महिन्यांपूर्वी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत, ७१ किलो गटात, तो मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून हरला होता. त्या निकालाची हळहळ ताजी असल्यामुळे पदार्पणाच्या बातमीचं आपल्याकडे मनापासून स्वागत झालं. पण एक प्रश्नही लगेच आला: हा विगिन्स कोण? २०२३च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेल्या मुलासमोर इतका अनोळखी प्रतिस्पर्धी का?

२०१५ मध्ये विजेंदर सिंग व्यावसायिक झाला तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. प्रश्न रास्त आहे. आपल्याला ओळखीच्या बहुतेक खेळांत प्रतिस्पर्धी कोण हे स्पर्धेचा ड्रॉ ठरवतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते माणसं ठरवतात. समोर कोण, कधी, कुठे, किती फेऱ्यांसाठी आणि किती वजनाला, यातली प्रत्येक गोष्ट बोलणी करून ठरते. नव्या बॉक्सरची पहिली दोन-तीन वर्षं या निवडींवरच उभी राहतात किंवा वाया जातात. म्हणून त्या निवडी कशा होतात हे समजून घेणं गरजेचं आहे.

## ऑलिंपिक पदक असताना पुन्हा शिकायचं काय?

बरंच काही. ऑलिंपिकमधली लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. म्हणजे नऊ मिनिटांत सगळं संपतं. पुरुषांची व्यावसायिक जागतिक विजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची, म्हणजे छत्तीस मिनिटांची असते. पूर्वी ती पंधरा फेऱ्यांची होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम ड्यूक-कू काही दिवसांत मरण पावला, आणि त्यानंतर फेऱ्या बारावर आणल्या गेल्या.

नऊ मिनिटांच्या लढतीत झटपट आत जाऊन स्वच्छ ठोसे मारायचे आणि बाहेर यायचं, हे धोरण चालतं. छत्तीस मिनिटांत ते चालत नाही. दम राखावा लागतो. बरगड्यांवर आणि पोटावर मारून समोरच्याचे पाय हळूहळू जड करावे लागतात. दमल्यावर मिठी मारून चार सेकंद कसे मिळवायचे, डोळ्याच्या वर फाटून रक्त येत असताना पुढची फेरी कशी काढायची, समोरचा मुद्दाम खांदा आणि कोपर लावत असेल तर पंचांच्या नजरेत न येता उत्तर कसं द्यायचं, हे सरावात पूर्णपणे शिकता येत नाही. शिवाय वेल्टरवेट (सुमारे ६७ किलो) आणि त्याखालच्या व्यावसायिक गटांत साधारण आठ औंसांचे हातमोजे वापरतात. हौशी बॉक्सिंगमध्ये ते किमान दहा औंसांचे असतात. तोच ठोसा अंगावर वेगळा बसतो.

म्हणून नव्या बॉक्सरला आधी चार फेऱ्यांच्या लढती दिल्या जातात, मग सहा, मग आठ, मग दहा. हा क्रम कुणी कायद्याने घालून दिलेला नाही. शरीराची आणि डोक्याची सवय त्याच वेगाने वाढते, हे अनेक पिढ्यांनी पाहिलेलं आहे.

## हे सगळं ठरवतं कोण?

चार माणसं लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं. प्रशिक्षक लढायला शिकवतो. मॅनेजर बॉक्सरच्या बाजूने बोलणी करतो आणि त्याच्या कमाईचा ठरलेला हिस्सा घेतो. प्रमोटर कार्यक्रम भरवतो: सभागृह घेतो, तिकिटं विकतो, प्रक्षेपणाचा करार करतो, बॉक्सरला मानधन देतो आणि नफ्या-तोट्याचा धनी असतो. चौथा मॅचमेकर. तो बहुधा प्रमोटरच्या पगारावर असतो आणि कुणाची गाठ कुणाशी घालायची हे ठरवतो. बाहेरच्या लोकांना त्याचं नावही माहीत नसतं, पण नव्या बॉक्सरच्या आयुष्यात प्रशिक्षकानंतर सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच. ऑस्कर डी ला होया आणि फ्लॉइड मेवेदर या जागतिक विजेत्यांच्या सुरुवातीच्या लढती ज्याने जुळवल्या, तो टॉप रँक कंपनीचा ब्रूस ट्रॅम्पलर बॉक्सिंगच्या वर्तुळात या कामासाठीच ओळखला जातो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रेचं कुस्ती मैदान ज्याने पाहिलं आहे त्याला मॅचमेकरचं काम समजायला वेळ लागणार नाही. दुपारी रेवड्या-नारळावर पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, ऊन उतरेल तसं इनाम वाढत जातं आणि शेवटी एक नंबरची कुस्ती लागते. मध्ये कमिटीची माणसं जोड लावत हिंडत असतात. दोन पोरं समोरासमोर उभी करून उंची, मान, मांड्या बघतात. एखादा वस्ताद पुढे येऊन आपल्या पोराला हाताला धरून मागे नेतो आणि ‘ही जोड बसत नाही’ म्हणतो. पोरगं चिडतं, लोकही ओरडतात, पण वस्ताद ऐकत नाही. त्या पोराला अजून वर्षभर काय जमणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. व्यावसायिक बॉक्सिंगमधला चांगला मॅनेजर नेमकं हेच करतो. फक्त इथे नकार दिल्यावर हातचे पैसे जातात.

## प्रतिस्पर्धी निवडतात तरी कसे?

सोपा प्रतिस्पर्धी आणि उपयोगी प्रतिस्पर्धी यांतला फरक हा या धंद्याचा गाभा आहे. ज्याला पाडायला एक मिनिट लागतं तो सोपा. त्याच्याविरुद्धच्या लढतीतून एक विजय मिळतो आणि दुसरं काहीच मिळत नाही. उपयोगी प्रतिस्पर्धी तो, ज्याच्याकडून हरण्याची भीती कमी असते, पण जो एखादा नवा प्रश्न समोर टाकतो. कुणी डावखुरा असतो, म्हणजे ठोसे उलट्या कोनातून येतात. कुणी सहा इंच उंच असतो. कुणी सतत मागे सरकत राहतो आणि त्याला कोपऱ्यात कोंडावं लागतं. कुणी काही केल्या पडत नाही, म्हणजे आपल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच सहावी फेरी पाहावी लागते. मॅचमेकर हे प्रश्न एकेक करून आणतो, दोन एकदम आणत नाही.

माइक टायसनचं उदाहरण घ्या, कारण त्याच्या नॉकआउटच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्यामागचं नियोजन मात्र फारसं कुणी बघत नाही. ६ मार्च १९८५ रोजी ऑल्बनीत त्याचं पदार्पण झालं आणि त्याच एका वर्षात तो पंधरा लढती लढला. आज कुणी इतक्या लढत नाही. जिम जेकब्स आणि बिल केटन या त्याच्या मॅनेजरांनी त्याला सतत रिंगमध्ये ठेवलं. पहिल्या एकोणीस लढती त्याने नॉकआउटनेच जिंकल्या. विसावी लढत मे १९८६ मध्ये जेम्स टिलिसशी झाली. टिलिस अनुभवी, चपळ आणि मार खाऊन टिकणारा होता. ती लढत पूर्ण दहा फेऱ्या चालली. टायसन जिंकला, पण ठोसा बसूनही समोरचा उभा राहतो तेव्हा काय करायचं, हे त्याला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. त्याच महिन्यात त्याला मिच ग्रीनविरुद्ध आणखी दहा फेऱ्या लढवलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये अठ्ठाविसाव्या लढतीत, वयाच्या विसाव्या वर्षी तो जागतिक हेवीवेट विजेता झाला. टिलिस आणि ग्रीन यांच्याविरुद्धच्या त्या वीस फेऱ्या मला त्याच्या सगळ्या झटपट नॉकआउटपेक्षा मोलाच्या वाटतात.

## हरण्यासाठीच कुणी लढतं का?

इथे एका वर्गाची ओळख करून द्यायला हवी, ज्याच्याबद्दल प्रेक्षक फार तुच्छतेने बोलतात. इंग्लंडमध्ये त्यांना जर्नीमन म्हणतात. हे पोटापाण्यासाठी, दर दोन-तीन आठवड्यांनी, परक्या गावात, यजमान बॉक्सरविरुद्ध लढणारे लोक. बर्मिंगहॅमचा पीटर बकली १९८९ ते २००८ या काळात तीनशे लढती लढला. त्यातल्या ३२ जिंकला, १२ बरोबरीत सुटल्या आणि २५६ हरला. पुढे जागतिक विजेता झालेला नसीम हमीद सुरुवातीच्या काळात त्याच्याशी लढून गेला. बकलीला पाडणं फार कमी जणांना जमलं. समोरच्या मुलाला सहा फेऱ्यांचा घाम काढायला लावायचा, स्वतःला इजा होऊ द्यायची नाही आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहायचं, हे अत्यंत अवघड कौशल्य आहे.

लढत आधी ठरलेली असते का, असं विचाराल तर नाही. निकाल ठरवून लढणं हा गुन्हा आहे आणि त्याने परवाना जातो. इथे निकाल ठरलेला नसतो, शक्यता एका बाजूला झुकलेली असते. जर्नीमन जिंकतोही. मुलगा बेफिकीर आला, वजन उतरवताना गळून गेला किंवा त्याला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा समजलं गेलं, तर त्याच रात्री उघडा पडतो.

पण इथेच गैरप्रकारालाही जागा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. काही मॅनेजर उपयोगी प्रतिस्पर्धी शोधण्याचे कष्टच घेत नाहीत. लागोपाठ पंधरा अशी माणसं आणतात ज्यांनी गेल्या दहा लढतींत एकही जिंकलेली नसते आणि जी नॉकआउट होऊन हरलेली असतात. कागदावर १५-० दिसतं. सोळाव्या लढतीत खरा बॉक्सर समोर आला की मुलाला साधा बचावही येत नसतो. हे फसवणुकीइतकंच धोकादायक आहे, कारण मार खाणारा तो मुलगा असतो. आणि त्या बिचाऱ्या पाहुण्या बॉक्सरचं काय? वारंवार नॉकआउट होणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा रिंगमध्ये उभं करणं क्रूर आहे, मग त्याची संमती असो वा नसो.

आकड्यांवर भुलायचं नसेल तर विजयांची संख्या न पाहता दोन गोष्टी पाहाव्यात. प्रतिस्पर्ध्यांनी त्याआधी किती लढती जिंकल्या होत्या, आणि बॉक्सर आजवर एकूण किती फेऱ्या लढला आहे.

## गुणी असेल तर थेट वर का नेऊ नये?

नेऊन पाहिलेलं आहे. १९५६च्या ऑलिंपिकचा हेवीवेट सुवर्णविजेता पीट रॅडमाकर ऑगस्ट १९५७ मध्ये सिएटलला पहिलीच व्यावसायिक लढत थेट जागतिक विजेता फ्लॉइड पॅटरसनशी लढला. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडलं, यावरून त्याची ताकद लक्षात येईल. सहाव्या फेरीत तो स्वतः नॉकआउट झाला.

याहून बोलकं उदाहरण युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोचं. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, हौशी कारकिर्दीत ३९६ विजय आणि केवळ एक पराभव. आमच्या पिढीने पाहिलेल्या बॉक्सरांत तंत्रात त्याच्या तोडीचे फार थोडे असतील. त्याने हट्टाने दुसरीच व्यावसायिक लढत जागतिक विजेतेपदासाठी मागितली. मार्च २०१४ मध्ये सॅन अँटोनियोत समोर होता मेक्सिकोचा ओर्लान्डो सालिडो, ज्याच्या नावावर तेव्हा बारा पराभव होते. सालिडो वजनात बसलाच नाही, त्यामुळे त्याचा किताब आधीच गेला आणि लढतीच्या रात्री तो कितीतरी जड होऊन आला. त्याने कमरेखाली मारलं, मिठ्या मारल्या, अंग टाकून लोमाचेन्कोला दमवलं. या सगळ्याला काय उत्तर द्यायचं हे लोमाचेन्कोला सुचेपर्यंत अकरावी फेरी आली होती. शेवटच्या फेरीत त्याने सालिडोला जवळजवळ आडवं केलं, पण निकाल पंचांच्या विभागलेल्या कौलाने सालिडोकडे गेला. त्याच वर्षी जूनमध्ये लोमाचेन्कोने गॅरी रसेल ज्युनियरला हरवून रिकामा झालेला तोच किताब जिंकला. म्हणजे त्याच्या बाबतीत घाईची किंमत एका पराभवावर भागली. पण हा लोमाचेन्को होता. सामान्य ऑलिंपियनला तशी रात्र मोडून टाकते.

लिऑन स्पिंक्सने फेब्रुवारी १९७८ मध्ये आठव्याच लढतीत मोहम्मद अलीला हरवून जग थक्क केलं. सात महिन्यांत अलीने किताब परत घेतला. पुढच्या वर्षी गेरी कोएट्झीने स्पिंक्सला पहिल्याच फेरीत संपवलं. त्याला हेवीवेटचा किताब पुन्हा कधीच मिळाला नाही. विजेतेपद मिळालं म्हणून शिक्षण पूर्ण झालं असं होत नाही, आणि विजेता झाल्यावर चार फेऱ्यांच्या लढती लढून शिकायला कुणी देत नाही.

## अपराजित राहणं इतकं महत्त्वाचं आहे का?

प्रक्षेपण विकणाऱ्यांना आहे. बॉक्सरच्या नावापुढे पराभवांच्या रकान्यात शून्य असलं की जाहिरात सोपी होते, म्हणून प्रमोटर ते शून्य जपतो. मेवेदरने ५०-० वर निवृत्त होऊन त्या शून्याचा दबदबा आणखी वाढवला. बॉक्सरच्या घडणीसाठी मात्र ते शून्य दुय्यम आहे. बर्नार्ड हॉपकिन्स ऑक्टोबर १९८८ मध्ये पहिलीच चार फेऱ्यांची लढत हरला. पुढे त्याने मिडलवेटचा किताब वीस वेळा राखला आणि वयाच्या ४६व्या वर्षी लाइट हेवीवेटचा जागतिक विजेता झाला. मॅनी पॅकियाव बाराव्या लढतीत हरला. हुआन मॅन्युएल मार्केझचं पदार्पणच अपात्र ठरवून संपलं. तिघेही महान बॉक्सर ठरले.

जपायचं ते मेंदूला. गुणांवरचा एखादा पराभव भरून निघतो. वाईट नॉकआउट, आणि तोही शरीर तयार नसताना, नेहमीच भरून निघत नाही. म्हणूनच नॉकआउटनंतर बॉक्सिंग आयोग वैद्यकीय बंदी घालतात. ती ठिकाणानुसार आणि इजेनुसार महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत किंवा त्याहून जास्त असते, आणि त्या काळात सरावातलं ठोसेबाजीचं सत्रही बंद असावं लागतं. बरेच तरुण नेमकं इथे चुकतात. लढतीतल्या ठोशांची मोजदाद होते, जिममध्ये रोज खाल्लेल्या ठोशांची कुणीच ठेवत नाही. चांगला प्रशिक्षक आठवड्याला किती दिवस खरं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करायचं यावर कडक मर्यादा घालतो. वजनाचंही तसंच. खालच्या गटात बसण्यासाठी अंगातलं पाणी आटवून चार-पाच किलो उतरवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी ठोसे घेतो तेव्हा ते जास्त घातक ठरण्याचा धोका असतो. सुरुवातीच्या लढती नैसर्गिक वजनाच्या जवळ लढवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. चार फेऱ्यांच्या लढतीत तेवढा फायदा मिळवून करायचं काय?

## विजेंदरच्या कारकिर्दीतून काय दिसतं?

त्याची सुरुवात नमुनेदार होती. बीजिंग ऑलिंपिकमधला हा कांस्यपदक विजेता २०१५ मध्ये क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार करून मँचेस्टरला गेला, प्रशिक्षक ली बिअर्ड यांच्याकडे सरावाला लागला, आणि १० ऑक्टोबरला सॉनी व्हाइटिंगविरुद्ध तिसऱ्या फेरीत जिंकला. मे २०१६ पर्यंत, म्हणजे सात महिन्यांत, मँचेस्टर, डब्लिन, लिव्हरपूल, लंडन आणि बोल्टन मिळून त्याच्या सहा लढती झाल्या. प्रतिस्पर्धी हळूहळू कठीण होत गेले. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत माजी युरोपियन विजेता केरी होपविरुद्ध तो पूर्ण दहा फेऱ्या लढला आणि डब्ल्यूबीओ (वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन) या संघटनेचा आशिया पॅसिफिक किताब जिंकला. असा प्रादेशिक किताब मिळाला की संघटनेच्या जागतिक क्रमवारीत शिरायची वाट मोकळी होते. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीविरुद्ध त्याने थोडक्या गुणांनी विजय काढला. ती रात्र खडतर होती आणि म्हणूनच उपयोगाची होती.

त्यानंतर मात्र खंड पडले. डिसेंबर २०१७ची जयपूरची लढत झाल्यावर पुढची थेट जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत झाली. मध्ये दीड वर्षाहून अधिक काळ गेला. नोव्हेंबर २०१९ नंतर पुन्हा सोळा महिने रिकामे गेले, त्यात कोविड होता. १९ मार्च २०२१ रोजी गोव्यात, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर उभारलेल्या रिंगमध्ये, पस्तीस वर्षांचा विजेंदर उंचापुऱ्या रशियन आर्टिश लोप्सानविरुद्ध पाचव्या फेरीत हरला. बारा विजयांनंतरचा तो पहिला पराभव होता. त्यावर ‘आधीचे सगळे विजय खोटे होते’ असं लिहिणारे लोक निघाले. मला ते अन्यायाचं वाटतं. पदार्पणच तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर झालेलं, त्यामुळे वेळ मुळात कमी होता. त्या कमी वेळातली तीन वर्षं जवळजवळ लढतींविना गेली. जास्त आणि नियमित लढती मिळाल्या असत्या तर तो नक्की जिंकला असता असं नाही, पण सुरुवातीच्या वर्षाची शिस्त पुढे टिकली नाही एवढं तारखांवरून स्पष्ट दिसतं.

एमएमएमध्येही, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या लढतींत, याचा प्रत्यय येतो. अंशुल जुबली फेब्रुवारी २०२३ मध्ये रोड टू यूएफसी स्पर्धा जिंकून यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या कंपनीत पोचला, ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत माइक ब्रीडनकडून तिसऱ्या फेरीत हरला, आणि त्याची पुढची लढत फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीला झाली. ती एकोणीस सेकंदांत संपली. तिथे प्रतिस्पर्धी निवडण्यात मॅनेजरचा शब्द बॉक्सिंगपेक्षा कमी चालतो, कारण क्रमवारी, किताब आणि कार्यक्रम हे सगळं एकाच कंपनीच्या हातात असतं. म्हणून त्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी, लहान संघटनांमध्ये, जितकं लढून घेता येईल तितकं घ्यावं लागतं.

## पैसे कोणाचे आणि जातात कुठे?

सुरुवातीला पैसे जवळजवळ नसतातच. इंग्लंडमधल्या लहान सभागृहांतल्या कार्यक्रमांत नव्या मुलाला स्वतःची तिकिटं विकावी लागतात. त्या विक्रीतून आधी पाहुण्या प्रतिस्पर्ध्याचं मानधन निघतं आणि उरलं तर त्याचं. तिकिटं कमी खपली तर जिंकूनही हातात काही येत नाही.

समजा, मानधन एक लाख रुपये ठरलं. नेवाडासारख्या राज्यात मॅनेजरचा हिस्सा जास्तीत जास्त एक तृतीयांश असू शकतो, म्हणजे ३३ हजारांवर गेले. प्रशिक्षकाचे रूढ दहा टक्के, म्हणजे दहा हजार. उरलेल्या साधारण ५७ हजारांतून स्पारिंगचे जोडीदार, आहार, जिमचं भाडं, कर आणि बऱ्याचदा वैद्यकीय तपासण्याही भागवायच्या असतात. म्हणून चांगला मॅनेजर पहिली एक-दोन वर्षं आपला हिस्सा घेतच नाही किंवा मासिक खर्च स्वतः उचलतो. उलट पहिल्या लढतीपासून पूर्ण वाटा कापणारा माणूस दिसला तर सावध राहावं.

यापेक्षा मोठा धोका हितसंबंधांचा आहे. प्रमोटरला मानधन कमी द्यायचं असतं, मॅनेजरने ते वाढवून मागायचं असतं. दोघं एकाच घरातले असले तर बॉक्सरच्या बाजूने कोण बोलणार? १९८०च्या दशकात हेवीवेट विजेता टिम विदरस्पूनचा प्रमोटर होता डॉन किंग आणि मॅनेजर होता किंगचा मुलगा कार्ल. विदरस्पूनने पुढे कोर्टात दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. अशा प्रकारांमुळेच अमेरिकेत २००० साली मोहम्मद अली यांच्या नावाने कायदा झाला. एका बाजूला प्रमोटर म्हणून पैसे द्यायचे आणि दुसऱ्या बाजूला मॅनेजर म्हणून घ्यायचे, याला त्याने बंदी घातली. पण ही बंदी दहा किंवा त्याहून जास्त फेऱ्यांच्या लढती लढणाऱ्यांनाच लागू आहे. चार-सहा फेऱ्यांच्या टप्प्यावरचा नवखा मुलगा, ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज असते, तो त्या तरतुदीबाहेर राहतो.

## आपल्याकडच्या मुलाने काय करावं?

आपल्याकडे गुणवत्तेची वाण नाही. वाण आहे ती वारंवार भरणाऱ्या लहान कार्यक्रमांची, अनुभवी पाहुण्या बॉक्सरांची आणि मॅचमेकर म्हणून उमेदवारी केलेल्या माणसांची. म्हणून विजेंदरला मँचेस्टर गाठावं लागलं, निशांतने अमेरिकेत पदार्पण केलं, मनदीप जांगडा अमेरिकेचा माजी जागतिक विजेता रॉय जोन्स ज्युनियर याच्याकडे सरावाला गेला. हौशी बॉक्सरला सैन्यदल, रेल्वे किंवा पोलिसांत नोकरी मिळते, आजारपणात तिचा आधार असतो. तो आधार सोडून व्यावसायिक होणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी आणि वस्तादांनी सहीच्या आधी कागद नीट वाचायला हवेत. वर्षाला किमान किती लढती देणार हे लिहिलेलं आहे का, आणि तेवढ्या दिल्या नाहीत तर मुलगा करारातून मोकळा होतो का? मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची आणि रक्ताची तपासणी, लढतीतली इजा यांचा खर्च कुणाचा, आणि त्या अहवालांची प्रत मुलाकडे राहते का? प्रतिस्पर्ध्याला नकार देण्याचा हक्क किती वेळा वापरता येतो? किताब जिंकला तर करार आपोआप किती वर्षांनी वाढतो? वाद झालाच तर खटला कुठल्या देशात चालणार? करार इंग्रजीत असतो आणि पन्नास पानांचाही असू शकतो. तो मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगणारा वकील स्वतः पैसे देऊन नेमावा. मॅनेजरने किंवा प्रमोटरने सुचवलेला तर मुळीच नको.